जुन्या गुलाबाची पानं का गळतात? उपटण्याआधी झाड तपासा



शिळफाटा, खोपोली, खालापूर आणि कर्जत या पट्ट्यात भात हे आपलं मुख्य पीक. भातामागून वाल येतो, बांधावर तूर येते, माळावर नाचणी-वरी. गुलाबाची शेती म्हणून शेती इथे थोडीच. पण अंगणात, परसात, विहिरीच्या काठाला गुलाबाचं एखादं जुनं झुडूप नाही असं घर शोधावं लागेल. कुणाच्या आजीनं माहेराहून काडी आणून लावलेली असते, कुणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याकडून येताना कलम आणलेलं असतं. देवाला फूल, पोरीबाळींच्या केसात फूल, कुणी गुलकंद घालतं, कुणी सणासुदीला टोपलीभर फुलं बाजारात नेऊन चार पैसे करतं.

अशा झुडपाची पानं भाद्रपदात पाहता पाहता गळून जातात. नुसत्या काटेरी काड्या उरतात. मग घरात दोन मतं होतात. एक म्हणतो, "झाड म्हातारं झालं, काढून टाका." दुसरा म्हणतो, "भातावर मारलेलं औषध उरलंय, तेच फवारू." या दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. गुलाबाचं झुडूप नीट राखलं तर तीस-चाळीस वर्षंही टिकतं, तेव्हा केवळ वय झालं म्हणून पानं गळत नाहीत. आणि कारण न कळता औषध मारलं तर पैसा जातो, वर विष फुलावर बसतं. तेच फूल आपण देवाला वाहतो, लेकराच्या केसात माळतो.

दुसरं असं, की गावठी गुलाबाचं जुनं झुडूप एकदा गेलं की तसंच पुन्हा मिळत नाही. रोपवाटिकेत मिळतात ती नवी कलमं. त्यांचं फूल मोठं, पण वास तो नाही. म्हणून कोयता हातात घेण्याआधी झाड तपासा. त्याला अर्धा तास लागतो आणि खर्च काहीच नाही.

आधी सहा प्रश्न विचारा

वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, मग औषध देतो. झाडाचंही तसंच. सकाळच्या उजेडात झुडपापाशी बसा आणि हे सहा प्रश्न स्वतःला विचारा.

१. पानं कुठली गळतात? खालची जुनी की शेंड्याची कोवळी?

२. पान गळून खाली पडतं, की वाळून काडीलाच लटकून राहतं?

३. पडलेल्या पानावर ठिपके आहेत का? असतील तर गोल की वेडेवाकडे? ठिपक्याची कड कशी आहे?

४. पान नुसतं गळलं आहे, की कुणी खाल्लं आहे?

५. कोणत्या महिन्यात गळ सुरू झाली? पावसात, थंडीत की उन्हाळ्यात?

६. काडी जिवंत आहे का? नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं ओलसर दिसलं तर काडी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर तिथवर मेली. शेंड्यापासून खाली असं तीन-चार ठिकाणी पाहा.

शेवटी खोडापासून वीतभर अंतरावर खुरप्यानं वीतभर खोल उकरा. माती मूठभर हातात घ्या. तिला कुजका वास येतो का, ती चिखल आहे की ढेकूळ, मुळं पांढरी आहेत की काळी, हे पाहून ठेवा. इतकं केलंत की निम्मं निदान झालं.

पावसातली गळ: काळे ठिपके

आपल्या भागात गुलाबाची पानं गळण्याचं पहिलं कारण हेच. सह्याद्रीच्या पायथ्याला आपण बसलेलो. बोरघाटाच्या खाली वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टात दिवसचे दिवस पान कोरडं होत नाही. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला नेमकं तेच हवं असतं. पान सलग सातएक तास ओलं राहिलं की बुरशीचा कण पानात शिरतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत ठिपका दिसू लागतो.

ओळख सोपी आहे. पानाच्या वरच्या बाजूला काळे गोल ठिपके पडतात. त्यांची कड कापल्यासारखी साफ नसते, झालरीसारखी, पिसासारखी फाटलेली असते. ठिपक्याभोवतीचा भाग पिवळा पडतो आणि पान देठातून सुटतं. गळ खालच्या पानांपासून सुरू होते आणि वर चढते. शेंड्याला चार हिरवी पानं आणि खाली नागव्या काड्या असं झुडूप दिसलं की काळे ठिपके समजा.

ही बुरशी पावसाच्या थेंबांबरोबर उडते. खाली पडलेल्या रोगट पानावर थेंब पडतो, शिंतोडा उडतो आणि वरच्या पानाला लागतो. म्हणून पहिलं औषध म्हणजे झाडू. रोगट पानं रोज नाही तर दोन दिवसांआड गोळा करा. ती उकिरड्यात टाकू नका. खड्ड्यात पुरा किंवा वाळल्यावर जाळा. झुडपाखाली पेंढ्याचा किंवा वाळल्या पाल्याचा चार बोटं जाड थर घाला, म्हणजे मातीचा शिंतोडा उडणार नाही. मात्र हा थर खोडाला टेकू देऊ नका.

दुसरं, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतची बारीक, आत वळलेली फूट काढून टाका. झुडपातून वारा खेळला पाहिजे. पान लवकर सुकलं की बुरशीचा जोर मोडतो.

तिसरं औषध फवारणीचं. फुलं खाण्यासाठी किंवा गुलकंदासाठी वापरत नसाल तरच मॅन्कोझेब २५ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम दहा लिटर पाण्यात मिसळून फवारा. पाऊस उघडलेला दिवस पाहा. ही औषधं पानावर पडद्यासारखी बसतात आणि नव्या पानाला राखतात. आधीच ठिपके पडलेलं पान बरं होत नाही. तेव्हा पानं निम्मी गळून गेल्यावर फवारण्यापेक्षा पहिले चार ठिपके दिसले की फवारणं शहाणपणाचं.

एक गोष्ट अनेकांनी पाहिली असेल. शेजारी शेजारी दोन झुडपं असतात, त्यातलं पिवळ्या फुलाचं उघडं पडतं आणि गावठी गुलाबी झुडूप त्या मानानं तग धरतं. याला इतिहास आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या पेर्ने-दुशे या गुलाबतज्ज्ञानं इराणकडच्या पिवळ्या रानगुलाबाचा संकर करून १९०० साली ‘सोलेय दॉर’ नावाचा गुलाब आणला. बागेतल्या आजच्या बहुतेक पिवळ्या-केशरी गुलाबांचा रंग त्या घराण्यातून आला आणि काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याची खोडही त्याच्याबरोबर आली. म्हणून पिवळ्या गुलाबाकडे पावसात जास्त लक्ष द्यावं लागतं.

पाणी साचलं तर

ठिपका एकही नाही, पण सगळं झुडूपच फिकट पिवळं दिसतं. पानं मलूल होऊन झडतात. पाणी भरपूर असूनही झाड तहानलेलं वाटतं. अशा वेळी खाली पाहा. उकरलेल्या मातीला कुजका वास येत असेल आणि मुळांची साल काळी होऊन बोटानं सुटत असेल, तर मुळं गुदमरली आहेत. मुळालाही श्वास घ्यावा लागतो. भाताला चिखल चालतो, गुलाबाला चालत नाही.

आपल्याकडे घरं बहुधा उतारावर, आणि अंगण वर्षावर्षाला सारवून, भर घालून उंच होत जातं. आजीनं काडी लावली तेव्हा जी जागा उंचवट्यावर होती ती आज खळगा झालेली असते. पागोळ्यांचं पाणीही तिथेच उतरतं. उपाय म्हणजे झुडपाच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढून पाणी बाजूला वळवा. पावसाळ्यात आळं मोडून टाका आणि खोडाशी माती उंचवट्यासारखी चढवा, मात्र कलमाची गाठ मातीत गाडू नका. कुजलेली मुळं असतील तर त्या वर्षी खत देऊ नका. आजारी माणसाला जड जेवण पचत नाही, तसंच हे.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी बारा महिने गुलाबाकडे सोडायची पुष्कळ घरांत रीत आहे. थोडं पाणी चालतं. पण साबण-सोड्याचं पाणी रोज त्याच आळ्यात जिरलं तर माती घट्ट आणि खारी होते, पानाच्या कडा करपतात आणि पान गळतं. पाण्याची वाट दोन-तीन झाडांना वाटून द्या. केळ, अळू यांना ते पाणी जास्त मानवतं.

चुलीच्या राखेचंही तेच. मूठभर राख चांगली, पण रोजची घमेलंभर राख एकाच बुंध्याशी ओतली तर मातीत चुनखडीसारखा गुण वाढतो आणि झाडाला लोह मिळेनासं होतं. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही खूण दिसली की राख बंद करा, दोन घमेली कुजलेलं शेणखत घाला आणि हलकी खुरपणी करा.

पान गळलं नाही, खाल्लं आहे

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात. अंधार पडला की कडुनिंब, बाभूळ, बोर आणि गुलाब यांच्यावर बसतात आणि रात्रभर पानं खातात. सकाळी झाड चाळणीसारखं दिसतं, भुंगेरा मात्र एक दिसत नाही. म्हणून लोक चुकीचं औषध घेतात. रात्री आठाच्या सुमाराला बॅटरी घेऊन जा. झुडपाखाली जुनं कापड अंथरा, फांदी हलवा, पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. आठ-दहा रात्री सगळ्या वाडीनं मिळून हे केलं तर फार फरक पडतो, कारण याच भुंगेऱ्याची अळी म्हणजे हुमणी. ती पुढे मातीत राहून मुळं खाते. कच्चं शेण झाडाला घालू नका. हुमणी त्यात वाढते.

पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे गोल, सुबक तुकडे गेलेले दिसले तर घाबरू नका. ते पान कापणाऱ्या एका मधमाशीचं काम आहे. ती तुकडा घरटं बांधायला नेते. झाडाचं त्यानं काही बिघडत नाही. ही माशी वेलभाज्यांच्या, डाळींच्या फुलांवर फिरते आणि परागीकरण करते. तिला मारू नका.

थंडीतली भुरी

डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री थंड, सकाळी दहिवर आणि दुपारी कोरडी हवा असते. तेव्हा कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर पिठासारखी पांढरी बुरशी चढते. पान वाकडं होतं, लालसर पडतं, पुढे वाळून झडतं. काळ्या ठिपक्यांची सुरुवात खालून होते, भुरीची सुरुवात शेंड्याकडून, हा फरक लक्षात ठेवा. भुरीचे शेंडे खुडून नष्ट करा. पाण्यात विरघळणारं गंधक २० ग्रॅम दहा लिटर पाण्यात मिसळून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा. भर उन्हात गंधक फवारलं तर पान करपतं, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात तर ते टाळावंच.

उन्हाळ्यातली गळ: लाल कोळी आणि तहान

होळी झाली की काही झुडपांची पानं निस्तेज, धुळकट दिसू लागतात. जवळून पाहिलं तर पानावर सुईनं टोचल्यासारखे असंख्य फिके टिपके असतात, पानाच्या पाठीला बारीक जाळी असते. हा लाल कोळी. डोळ्याला तो जेमतेम दिसतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटका आणि क्षणभर थांबा. धुळीचा कण चालू लागला तर कोळी आहे.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, फाट्याच्या आसपास ज्यांची घरं आहेत त्यांच्या झुडपांवर धूळ फार बसते आणि धुळीच्या पानावर कोळी फोफावतो. उपाय पाण्याचा. तीन-चार दिवसांआड सकाळी पानाच्या पाठीवर जोरानं पाणी मारा. कोळी धुऊन जातो. साधं कीटकनाशक इथे कामाचं नाही, कारण कोळी हा कीटक नव्हे, तो कोळ्यांच्या जातीचा. कीटकनाशकानं त्याला खाणारे मित्रकीटकच मरतात आणि कोळी आणखी वाढतो.

कोळी नसेल आणि एप्रिल-मेमध्ये पानं पिवळी होऊन गळत असतील, तर झाड तहानलेलं आहे. पाणी कमी पडलं की ते पानं टाकून स्वतःचा खर्च कमी करतं. रोज तांब्याभर पाणी वर वर शिंपण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी दोन बादल्या आळ्यात नीट जिरवा आणि वर पेंढा पसरा.

पान लटकून राहिलं तर जास्त काळजी

हे नीट समजून घ्या. पान गळून पडतं ते झाडानं स्वतः सोडलेलं असतं. त्यासाठीही झाडाला जीव लागतो. पण पान वाळूनही काडीलाच लटकून राहिलं, तर काडी एकदम मेली असं समजावं. याची मुख्य कारणं दोन.

पहिलं, शेंडेमर. काडी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. छाटणीच्या जखमेतून, फूल तोडलेल्या ठिकाणाहून बुरशी शिरते आणि वर्षानुवर्षं न छाटलेल्या जुन्या झुडपावर ती खाली खोडापर्यंत पोचते. जुनी झुडपं खरोखर मरतात ती बहुधा यानंच. काळ्या भागाच्या खाली दोन-तीन बोटं, जिथे आत पांढरं-हिरवं लाकूड दिसेल तिथे, धारदार कात्रीनं तिरकस काप घ्या. मधला गाभा तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा. दर कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसा, नाहीतर रोग तुम्हीच दुसऱ्या फांदीला द्याल. कापावर बोर्डो मलम लावा. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही वेगवेगळ्या मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवा. चुना निवू द्या. मग दोन्ही एकत्र करून ढवळा. लोखंडी, तांब्याचं भांडं घेऊ नका. मलमात स्वच्छ विळ्याचं पातं क्षणभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा आणखी घाला. हे मलम केलं त्याच दिवशी वापरावं.

दुसरं, वाळवी. बुंध्याशी मातीचे पापुद्रे, बोगदे दिसतात आणि झाड हातानं हलवलं तर सैल लागतं. बोगदे खरवडून काढा, मेलेलं लाकूड आणि जुनी वाळलेली मुळं उकरून काढा, उन्हाळ्यात आळं कोरडं पडू देऊ नका.

याशिवाय जुन्या जाड फांद्यांवर राखाडी-तपकिरी खवले चिकटलेले दिसतात. लोक ती सालच समजतात. नखानं उचकटलं की खवला सुटतो आणि खाली ओलसर किडा दिसतो. ही खवले कीड रस शोषून फांदी सुकवते. फार भरलेली फांदी कापून जाळा. बाकीच्यांवर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या दातघाशीनं घासा. पंधरा दिवसांनी पुन्हा घासा.

भाताचा पंप गुलाबाला नको

गुलाबाचे नवे कोंब दोरीसारखे बारीक, पिळवटलेले निघाले, पानं चिंचोळी आली, तर रोग शोधत बसू नका. गेल्या महिन्याभरात तणनाशक कुठे मारलं ते आठवा. भातातल्या रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी वापरतात. गुलाबही रुंद पानाचाच. वाऱ्यानं तुषार उडाला किंवा त्याच पंपातून गुलाबावर दुसरं औषध मारलं तरी झाडाला इजा होते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर खूण करा. इजा झालेले शेंडे कापा, पाणी द्या, आणि झाडाला एक हंगाम वेळ द्या. पुष्कळदा ते सावरतं.

गुलाब बदलला?

"आमचा लाल गुलाब होता, आता बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात," अशी तक्रार ऐकू येते. गुलाब बदलत नसतो. कलमी गुलाब म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरलेला. वरचा गुलाब पानं गळून गळून अशक्त झाला की खालचा खुंट जोरात फुटतो आणि सगळं अन्न ओढतो. बुंध्याशी सांध्याची गाठ शोधा. गाठीच्या खालून, जमिनीतून आलेला फुटवा माती उकरून मुळापासून ओरबाडून काढा. वरून कापला तर तो दुप्पट फुटेल. पानाला सात पानुल्या असल्या की फुटवा रानटी, असं म्हणतात. पण काही चांगल्या गुलाबांनाही सात पानुल्या असतात, तेव्हा पानं मोजत बसण्यापेक्षा फुटवा कुठून निघाला ते पाहा. आणि काडीपासून लावलेल्या गावठी गुलाबाला गाठच नसते. त्याचा जमिनीतून आलेला फुटवा अस्सल असतो, तो काढू नका. तीच झाडाची नवी उमेद.

जुन्या झुडपाला नवं कसं कराल

कारण कळलं, आता उपचार. पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला, भातकापणीची धांदल सुरू होण्याआधी एक सकाळ काढा.

प्रथम मेलेली, रोगट, एकमेकींना घासणारी लाकडं काढा. मग जिवंत जुन्या फांद्यांपैकी फक्त तिसरा हिस्सा बुंध्यापासून कापा. राहिलेल्या पुढच्या दोन वर्षांत. सगळं झुडूप एकदम तोडलं तर म्हाताऱ्या मुळांना ते झेपत नाही. कलमी गुलाबाच्या उरलेल्या फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवा. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरकस काप घ्या. वर्षातून एकदाच बहरणाऱ्या गावठी गुलाबाला मात्र हलकीच छाटणी करा. त्याचं फूल गेल्या वर्षीच्या काडीवर येतं, काडी गेली की बहर गेला. छाटल्यावर कापांना बोर्डो मलम लावा, आळं हलकं खणा, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घाला, पाणी द्या. कलमी गुलाबाला छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फूल येतं.

वर आंबा-फणसाची सावली वाढली असेल तर तीही पाहा. झुडूप लावलं तेव्हा आंबा लहान होता. गुलाबाला दिवसाचं निदान पाच-सहा तास ऊन लागतं. एखादी फांदी विरळ करा.

आणि सर्वात महत्त्वाचं. छाटलेल्या निरोगी काड्या टाकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब अशा आठ-दहा काड्या घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या. रेती आणि शेणखत मिसळलेल्या पिशवीत दोन तृतीयांश काडी खोचा. सावलीत ठेवा आणि माती ओलसर राखा. गावठी गुलाब काडीवर चांगला लागतो. आठातल्या तीन जगल्या तरी झालं. मूळ झाड उद्या गेलंच, तरी त्याचा वंश घरात राहील. म्हणून निदान पक्कं झालं नसेल तरी काड्या आधी लावून घ्या.

विषाबद्दल सावधान

गुलकंदासाठी, सरबतासाठी किंवा औषधासाठी पाकळ्या वापरत असाल तर त्या झुडपावर रासायनिक औषध मारूच नका. तिथे झाडू, कात्री, पाणी आणि फार तर पाच टक्के निंबोळी अर्क एवढ्यावर भागवा. अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, एकूण दहा लिटर पाणी करा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा.

माळ्यावर जुने डबे असतील तर तपासा. बीएचसी भुकटी १९९७ पासून बंद आहे. लाल कोळ्यासाठी पूर्वी सांगितलं जाणारं डायकोफॉल, भुरीसाठीचं डिनोकॅप आणि किडींसाठीचं मिथोमिल या तिन्हींवर २०२३ साली बंदी आली. जुन्या पुस्तकात किंवा जुन्या पत्रकात ही नावं वाचून ती वापरू नका. डबा ओढ्यात, पाताळगंगेत रिकामा करू नका. कुलुपात ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात विचारा. कोणतंही औषध घेताना डब्यावरची पत्रिका वाचा, पीक आणि प्रमाण पाहा, नाक-तोंड झाकून फवारा आणि फवारल्यावर पत्रिकेत सांगितलेले दिवस फुलं तोडू नका.

ध्यानात ठेवा

खालून गळ, झालरीचे काळे ठिपके, पावसाळा: काळे ठिपके. झाडून काढा.

सगळं झाड पिवळं, मातीला कुजका वास: पाणी साचलं. चर काढा.

कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. राख थांबवा.

जूनमध्ये एका रात्रीत चाळणी: भुंगेरे. रात्री वेचा.

शेंड्यावर पांढरं पीठ, थंडी: भुरी. शेंडे खुडा.

धुळकट पान, पाठीला जाळी, उन्हाळा: लाल कोळी. पाण्यानं धुवा.

वाळलं पान लटकलेलं, काळी काडी: शेंडेमर. हिरव्यापर्यंत कापा, मलम लावा.

पिळवटलेले चिंचोळे कोंब: तणनाशक. पंप वेगळा करा.

ठिपका नाही, कीड नाही, खालची चार-दोन जुनी पानं पिवळी होऊन पडली आणि शेंड्याला नवी फूट आहे: काहीच करू नका. जुनं पान जातं, नवं येतं. तो झाडाचा धर्म आहे.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर दोन रोगट पानं, एक काळी काडी आणि मूठभर माती वेगवेगळ्या कागदात बांधून खालापूर किंवा कर्जतच्या कृषी कार्यालयात घेऊन जा. नुसतं "पानं गळतात" असं सांगू नका. वरच्या सहा प्रश्नांची उत्तरं लिहून न्या, म्हणजे सल्ला देणाऱ्यालाही नेमकं सांगता येईल. हे पत्रक पडवीत खुंटीला अडकवून ठेवा, आणि झुडपापाशी पुन्हा एकदा जाऊन नखानं साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर कोयता खाली ठेवा.